अंघोळीचं पाणी तापवायच्या बंबासाठी मे महिन्यात घेतलेली लाकडं सुकलीत का, कसं ओळखायचं?
दोन लाकडं एकमेकांवर आपटा: ‘खण्’ वाजलं तर सुकलीत, ‘बद्’ वाजलं तर ओली. आम्ही रत्नागिरीकडे बेगमी भरताना हेच करतो. टोकांना पडलेल्या चिरा आणि सुटलेली साल हीही खूण, पण तेवढ्यावर विसंबू नका. एक जाड लाकूड फोडून आतली बाजू गालाला लावा. गार, दमट लागली तर अजून ऊन हवं. ओल २० टक्क्यांच्या खाली असावी, नाहीतर आच लाकडातलं पाणी उडवण्यातच जाते आणि बंबाच्या नळीत काजळी धरते. मात्र मेमध्ये खणखणीत वाजलेलं लाकूड आपल्या दमट हवेत श्रावणापर्यंत पुन्हा ओल धरतं. पडवीत, जमिनीपासून वीतभर उंच रचा. प्लास्टिकने गच्च गुंडाळलंत तर बुरशीच येईल.