आरोग्य प्रश्नोत्तरे : औषध सुटतं ते प्रवासात

प्रश्न : माझा धाकटा भाऊ पुण्यात बांधकामावर आहे. टीबी निघाला, दोन महिने गोळ्या घेतल्या. आता खोकला थांबलाय आणि तो पावसाळ्यापुरता गावी येतोय. इथे आल्यावर उपचार पहिल्यापासून सुरू करावे लागतील का? (मोहोळ तालुका)

नाही, पण खंड पडता कामा नये. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. खोकला दोन-तीन आठवड्यांतच कमी होतो, वजन वाढू लागतं आणि माणसाला वाटतं, झालं बरं. फुप्फुसात दबून राहिलेले, सावकाश वाढणारे जंतू मात्र अजून मेलेले नसतात. पुढचे चार महिने त्यांच्यासाठीच असतात. मध्येच गोळ्या सोडल्या की आजार उलटतो, आणि कधी कधी नेहमीच्या औषधांना दाद न देणारा होऊन उलटतो.

पुण्यात नोंद झाली तेव्हा भावाला ‘निक्षय’ क्रमांक मिळाला असेल. तो देशभर चालतो. निघण्याच्या आठवडाभर आधी त्याने तिथल्या केंद्रात जाऊन ‘मोहोळला बदली करून द्या’ असं स्पष्ट सांगावं. बदली ऑनलाइन होते. उपचार कार्ड, थुंकीचे रिपोर्ट आणि प्रवास धरून किमान पंधरा दिवसांच्या गोळ्या सोबत घ्याव्यात. दोन महिने संपताना थुंकी पुन्हा तपासतात, ती झाली का तेही विचारावं. गावी आल्यावर दुसऱ्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावं. सोलापुरात असाल तर सिव्हिल आहेच. क्रमांक हरवला असेल तर १८००-११-६६६६ ही मोफत हेल्पलाइन आहे.

चार-आठ दिवस गोळ्या चुकल्या असतील तर लपवू नका. चुकलेले डोस शेवटी जोडून देतात. महिना किंवा जास्त खंड पडला असेल तर घरात उरलेलं पाकीट स्वतःहून सुरू करू नका. थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी करून औषध लागू पडतंय का ते आधी पाहावं लागतं.

गोळ्यांची संख्या वजनावर ठरते : ३५ ते ४९ किलोला रोज तीन, ५० ते ६४ किलोला चार. म्हणून सोबत्याच्या गोळ्या उसन्या घेणं नको. लघवी केशरी होते, ती औषधामुळे; त्याला घाबरून कितीतरी जण गोळ्या सोडतात. डोळे पिवळे होणं, सतत उलट्या, नजर धूसर होणं यांपैकी काही दिसलं तर मात्र त्याच दिवशी दाखवा. दारू पूर्ण बंद, कारण यकृतावर औषधांचा भार आधीच असतो.

पोषणासाठी महिना १,००० रुपये बँक खात्यात येतात. खात्याचा तपशील चुकलेला असेल तर पैसे अडकतात, बदली करतानाच तो पाहून घ्या. घरातल्या सगळ्यांची तपासणी करा, पाच वर्षांखालच्या मुलांची सर्वांत आधी.

प्रश्न : अक्कलकोट रोडला आमचे माग आहेत. दर एप्रिल-मेमध्ये बाहेरगावाहून आलेला एखादा नवा कामगार पहिल्याच आठवड्यात चक्कर येऊन पडतो. जुन्यांना असं होत नाही. का?

उन्हात-उकाड्यात काम करायची सवय शरीराला लागायला एक ते दोन आठवडे जातात. त्यात शेडमध्ये सूत तुटू नये म्हणून खिडक्या बंद आणि हवा दमट ठेवलेली असते. दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण पाळी देऊ नका. आठवडाभरात हळूहळू वाढवा. दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यायला लावा, आणि त्यासाठी माठ मागांजवळच हवा. लांब असला तर माग सोडून कोणी जात नाही.

ओआरएसमध्ये नेहमी एक चूक होते : एक लिटरचं पाकीट एका पेल्यात कालवतात. ते फार खारट होतं आणि उलटी होते. छोटी पाकिटं २०० मिलिलिटरची असतात, पाकिटावर वाचून घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चमचा चहाचा). केलेलं पाणी २४ तासांनी ओतून टाका.

माणूस बरळू लागला, अंग तापलं, शुद्ध हरपली तर तो उष्माघात. १०८ ला फोन करा आणि गाडीची वाट पाहत बसू नका : सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, पंखा लावा, मान, काखा आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जातं. पॅरासिटामॉल या तापावर चालत नाही.

प्रश्न : सूतगिरणीत काम करतो. सुट्टीनंतर सोमवारी छाती आवळते, मंगळवारपर्यंत सुटते. हा दमा का?

कापसाच्या तुसाने होणारा ‘बिसिनोसिस’ असू शकतो. सुरुवातीला सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी त्रास होतो, पुढे तो रोजचा होतो. पाळीच्या आधी आणि नंतर फुंकून करायची स्पायरोमेट्री तपासणी करून घ्या, आणि डॉक्टरांना ‘पिंजणीवर आहे’ की ‘कताईवर’ हे नक्की सांगा. पिंजणीत तूस जास्त उडतं. बिडी-सिगारेट ओढत असाल तर ती आजच थांबवा, आणि त्या खात्यातून बदली मागा.