व्हायरस लागला की पेशी गोल का होते?

प्रश्न : मी ऐरोलीला राहते, वाशीला बीएस्सी करतेय. मॅडमनी कोंबडीच्या पेशींचे दोन फोटो दाखवले, एकात लांबट चपट्या आणि दुसऱ्यात राउस सार्कोमा व्हायरस (कोंबड्यांना कॅन्सर करणारा) लागलेल्या, गोल गोल झालेल्या. एवढासा व्हायरस अख्ख्या पेशीचा शेप कसा काय बदलतो? आणि आईच्या पॅप स्मिअरच्या (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) रिपोर्टमध्ये कोइलोसाइट लिहिलंय, ते पण हेच का? घरी सगळे टेन्शनमध्ये आहेत.

उत्तर : आईचं आधी सांगते. कोइलोसाइट म्हणजे एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, हा वेगळाच व्हायरस) लागलेली पेशी, तिचं केंद्रक मोठं, वेडंवाकडं होतं आणि भोवती रिकामं कडं दिसतं. याच व्हायरसचं ई४ नावाचं प्रोटीन पेशीतलं केरॅटिनचं जाळं मोडतं. पण हा कॅन्सर नव्हे, बरीचशी इन्फेक्शन्स आपोआप जातात. फक्त रिपोर्ट कपाटात ठेवू नका, गायनॅकला दाखवा, कारण १६ आणि १८ हे टाइप जास्त धोक्याचे, पुढची टेस्ट लागेल की नाही ते त्याच सांगतील.

आता तुझ्या कोंबडीकडे. पेशी चपटी राहते कारण गणपतीच्या मंडपासारखी ती आतल्या अ‍ॅक्टिनच्या दोरांनी ताणलेली असते आणि खाली खुंट्यांवर बांधलेली असते. राउस व्हायरसकडे सार्क नावाचा जीन असतो, त्याचं एन्झाइम प्रोटीन्सवर फॉस्फेट चिकटवत सुटतं, त्यात नेमकी या खुंट्यांवरची प्रोटीन्स पण येतात, पॅक्सिलिन वगैरे. मग पकड सैल, दोर विस्कटले, पेशी गोल. पेशीच्या स्वतःच्या सार्कला बंद ठेवणारा शेवटचा तुकडा असतो, व्हायरसवाल्यात तोच नाही, म्हणून ते कायम चालू. (मुळात हा जीन व्हायरसने कोंबडीकडूनच उचललाय हे बिशप, वार्मस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखवलं, मला तर अजून गंमत वाटते.)

आणि हे सगळं सार्कच करतो हे कशावरून? १९७० च्या सुमारास या व्हायरसचे असे म्युटंट (जीन बदललेले प्रकार) सापडले की ३६ डिग्रीला पेशी बिघडलेली आणि ४१ ला नेली की परत नॉर्मल. व्हायरस आतच, फक्त एन्झाइम गारद. माझ्या मते याहून साफ पुरावा नाही.

एक मात्र लक्षात ठेव, टेमिन या शास्त्रज्ञाने १९६० मध्येच दाखवलं होतं की याच व्हायरसचे काही म्युटंट पेशीला गोल न करता लांबट ठेवतात, तरी ती ट्रान्सफॉर्म झालेलीच (म्हणजे कॅन्सरच्या पेशीसारखी वागणारी) असते. तेव्हा पेपरात 'ट्रान्सफॉर्म झालेली पेशी गोलच असते' असं लिहू नकोस, मार्क जातील.