परसातील तुतीला फळे कमी का?

प्रश्न : परसात तीन वर्षांपूर्वी लावलेली तुती १५ फुटांवर गेली आहे, पण फळे बोटांवर मोजण्याइतकीच लागतात आणि शेंडे बोकडून पानांचा गोळा होतो. काय करावे?

उत्तर : फळे थोडी का होईना लागतात, म्हणजे आपले झाड केवळ नर नाही, ही मोठीच जमेची बाजू आहे. तुतीत नर व मादी फुले बहुधा वेगवेगळ्या झाडांवर येतात; ज्यांच्या झाडावर नुसते तुरे येऊन झडतात, त्यांनी छाटणी करून उपयोग होत नाही. रेशीम शेतीतील वाण तर पानांसाठीच निवडलेले असतात, त्यामुळे तेथून आणलेल्या काडीकडून फळांची फार अपेक्षा ठेवू नये.

तुतीची फळे नव्या फुटीवर लागतात. आपले झाड उंच गेल्याने जुने लाकूड वाढले आणि नवी फूट वर, हाताबाहेर राहिली. उन्हाळी फळे संपताच, पावसाळ्यापूर्वी झाड कंबरेएवढ्या उंचीवर छाटावे, कुजलेले शेणखत द्यावे आणि हिवाळ्यात फांद्यांचे शेंडे हलके खुडून उरलेली पाने ओरबाडून काढावीत, म्हणजे फुटीबरोबर कळ्याही येतात. झाडाला दिवसभर ऊन मिळत नसेल, तर एवढे करूनही फळ बेताचेच राहील.

बोकडलेला शेंडा उलगडून पाहावा. आत पांढऱ्या कापसाखाली गुलाबी किडे दिसले, तर तो पिठ्या ढेकूण होय. रेशीम उत्पादक या रोगाला टुकरा म्हणतात. असे शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवावेत आणि जवळची जास्वंदही तपासावी, कारण तीच कीड तिच्यावरही राहते. मात्र त्या गर्दीत आकाराने मोठी, मेणाची झालर असलेली व भरभर चालणारी पांढरी अळी दिसली, तर ती मारू नये : ती पिठ्या ढेकूण खाणाऱ्या क्रिप्टोलिमस भुंगेऱ्याची अळी असून, हा भुंगेरा १८९८ मध्ये कॉफीवरील किडीसाठी भारतात आणला गेला होता. फळे झाडावरूनच तोंडात टाकली जातात, म्हणून रासायनिक फवारणी टाळावी. शेजारी कोणी रेशीमकीटक पाळत असेल, तर फवारा त्यांच्या पाल्यावर जाऊन कीटक मरण्याचाही धोका असतो.

नवे झाड हवे असल्यास, भरपूर फळे आपण स्वतः पाहिलेल्या झाडाचीच पेन्सिलएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची पक्व काडी पावसाळ्याच्या सुरुवातीला लावावी. जागा मात्र गाडी लावण्याच्या व कपडे वाळवण्याच्या जागेपासून दूर निवडावी, कारण पिकलेल्या फळांचे डाग सहजी निघत नाहीत.