युनियनवाला कारखाना की कंत्राटाचे जास्त पैसे?

प्रश्न : मुलाचा मेकॅनिकल डिप्लोमा झाला आहे. इंदूरजवळच्या पीथमपूरहून दोन ऑफर आल्यात. पहिली गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याची. तिथे दोन वर्षं ट्रेनी ऑपरेटर म्हणून महिना १६,००० मिळतील. युनियन आहे, आणि पर्मनंट झाल्यावर करारानुसार २७,००० च्या आसपास मिळतात असं कळलं. दुसरी मोठ्या नावाच्या कंपनीत, पण कंत्राटदारामार्फत. तीन वर्षं, महिना १९,५००, युनियन नाही. माझे सासरे इंदूरच्या हुकूमचंद कापड मिलमध्ये होते. घरात सगळे म्हणतात, युनियननेच मिल बुडवल्या, पोराला त्या भानगडीत घालू नका. हल्ली युनियनचा खरंच काही उपयोग असतो का?
— एक आई, नंदानगर, इंदूर

उत्तर : ताई, आधी पैशांचा हिशोब करू. पहिल्या दोन वर्षांत कंत्राटाची नोकरी महिन्याला ३,५०० जास्त देते, म्हणजे एकूण ८४,०००. तिसऱ्या वर्षी मुलगा पर्मनंट झाला तर पहिला कारखाना महिन्याला ७,५०० जास्त देईल, म्हणजे वर्षाचे ९०,०००. तिसरं वर्ष संपता संपता फिटंफाट होते आणि तिथून पुढे तफावत वाढतच जाते. पण हे सगळं 'पर्मनंट झाला तर' या तीन शब्दांवर उभं आहे. म्हणून युनियन चांगली की वाईट हे ठरवण्याआधी एक चौकशी करा : मागच्या तीन बॅचमधले किती ट्रेनी पर्मनंट झाले? एचआर गोलमोल उत्तर देईल. सुट्टीच्या वेळी कंपनीच्या बसजवळ दोन-तीन ऑपरेटरांना विचारा, खरा आकडा तिथे मिळतो. निम्म्याहून कमी मुलं घेतली असतील तर माझा वरचा हिशोब फाडून टाका.

आता मिलचं. इंदूरच्या मिलांचा न्याय करताना लोकांच्या डोक्यात मुंबईचा १९८२ चा गिरणी संप असतो. पण जुने माग बदलायला पैसा न घालणं, पॉवरलूमचं स्वस्त कापड, सिंथेटिकची लाट, यांनी देशभरच्या कापड गिरण्या खिळखिळ्या केल्या. संघटनांनी जागांची संख्या कमी करायला विरोध केला, त्याचाही वाटा होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण हुकूमचंद मिल १९९१-९२ च्या सुमारास बंद पडल्यावर कामगारांच्या देण्यांचं काय झालं हेही घरात सांगा. हायकोर्टाने २००७ मध्ये २२९ कोटींचं देणं ठरवलं, आणि जवळपास २२४ कोटींचा धनादेश २५ डिसेंबर २०२३ ला निघाला. तोवर कितीतरी कामगार हयात नव्हते. युनियनला मिल वाचवता आली नाही, पण दावा तिनेच जिवंत ठेवला. एकट्या कामगाराच्या वारसाने तीस वर्षं वकील लावून ठेवला असता का?

आजची युनियन मात्र त्या काळची नाही, कारण कायदा बदललाय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेनुसार कुठल्याही कारखान्यात नोटीस दिल्यापासून १४ दिवस संपावर जाता येत नाही, समेटाची बोलणी चालू असतानाही नाही. निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांनी एकाच दिवशी कॅज्युअल लीव्ह टाकली तर तोही संपच. बेकायदा संपात गेलेल्या कामगाराला १,००० ते १०,००० रुपये दंड किंवा महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. दहा जणांनी मिळून नोटीस न देता काम टाकलं तर मालक आठ दिवसांपर्यंतचा पगार कापू शकतो. त्यामुळे 'युनियन म्हणजे रोज गेटवर घोषणा' हे चित्र जुनं झालं. चांगल्या युनियनचं काम आता बरंचसं कागदावर चालतं.

त्यातला मुख्य कागद वेतनकरार. तो बहुधा तीन-चार वर्षांचा असतो आणि त्यात बेसिक, महागाई भत्ता, शिफ्ट भत्ता, कँटीन, उत्पादनाचे नॉर्म, इन्सेन्टिव्ह हे सगळं येतं. मालकालाही तो हवा असतो : पुढच्या तीन वर्षांत मजुरीवर किती खर्च होणार ते कळतं, आणि शेकडो लोकांशी वेगवेगळं बोलावं लागत नाही. एखाद्या युनियनकडे ५१ टक्के कामगार असतील तर वाटाघाटीचा हक्क तिलाच मिळतो, ही तरतूद उद्योगाच्या सोयीचीच आहे. दोन-तीन युनियन एकमेकींवर कुरघोडी करत मागण्या वाढवत नेतात तेव्हा कारखान्याचे हाल होतात. कामगारांना युनियनची किंमत अजून कळते का, हे पाहायचं तर चेन्नईजवळ श्रीपेरुम्बुदूरला सॅमसंगच्या कारखान्यातला २०२४ चा संप पाहा. तो ३७ दिवस चालला आणि त्यातली मोठी मागणी युनियनला मान्यता द्या ही होती.

करार हाती लागला तर तीन गोष्टी बघा. एक, मुदत संपली आहे का? संपली असेल आणि नवं मागणीपत्र वर्षभर पडून असेल तर जुन्याच पगारावर गाडी चालू राहते, एरिअर्स कधी मिळतील हे कोणी सांगू शकत नाही. दोन, नव्या भरतीसाठी वेगळी श्रेणी लिहिली आहे का? जुन्या सभासदांचे पगार वाढवून घेताना काही युनियन नव्यांची श्रेणी खाली ढकलायला तयार होतात. मला ही त्यांची सगळ्यात लाजिरवाणी तडजोड वाटते. तुम्हाला कळलेले २७,००० जुन्यांचे की नव्यांचे, ते इथेच उघड होईल. तीन, करार सरकारच्या समेट अधिकाऱ्यासमोर झाला होता का? तसा करार कारखान्यातल्या सगळ्या कामगारांना लागू होतो. फक्त मालक आणि युनियनने आपसात केलेला करार त्या युनियनच्या सभासदांपुरताच राहू शकतो.

युनियनचा दुसरा उपयोग पगाराच्या स्लिपवर दिसत नाही. समजा रात्रपाळीत टूल झिजलं, मुलाच्या लक्षात आलं नाही आणि दीडशे नग रिजेक्ट झाले. सकाळी कारणे दाखवा नोटीस. बावीस वर्षांचा मुलगा घाबरून लिहितो, 'माझी चूक झाली, पुन्हा होणार नाही.' पुढे चौकशी लागली तर हीच ओळ कबुली म्हणून वाचली जाते. युनियन असलेल्या कारखान्यात कमिटीचा माणूस ते उत्तर आधी वाचतो आणि विचारतो : टूल बदलायची वेळ लॉगबुकमध्ये कोणी भरायची होती? मागच्या शिफ्टने गेज तपासलं होतं का? चौकशीत तो मुलाच्या शेजारी बसतो. निलंबन झालं तर पहिले ९० दिवस पगाराच्या निम्मा निर्वाह भत्ता मिळायला हवा, हेही त्याला ठाऊक असतं. कंत्राटाच्या नोकरीत एवढं रामायण होत नाही. दुसऱ्या दिवशी गेटवर पास चालत नाही, झालं.

आणखी एक गल्लत टाळा. कंत्राटदारामार्फत तीन वर्षं म्हणजे 'फिक्स्ड टर्म' नव्हे. फिक्स्ड टर्ममध्ये नाव कंपनीच्या रोलवर असतं, त्याच कामाच्या पर्मनंट माणसाइतका पगार द्यावा लागतो आणि वर्षभरातच ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. नेमणूकपत्र कोणाच्या लेटरहेडवर आहे ते पाहा. कंत्राटदाराचंच असेल आणि तरी मुलगा गेला, तर दर महिन्याला पीएफचं पासबुक उघडून पैसे जमा झालेत का ते तपासायला सांगा.

पहिल्या ऑफरमध्येही 'ट्रेनी' म्हणजे काय ते विचारून घ्या. अप्रेंटिस कायद्याखालची नेमणूक असेल तर मुलगा संहितेच्या व्याख्येत कामगारच नाही, वेतनकरार त्याला लागू होत नाही. तसं असेल तर त्या काळात युनियनच्या मीटिंगांना जाऊ नये, काम शिकावं. पर्मनंट झाल्यावर सभासद व्हावं, पण वर्गणीची पावती मागावी आणि वर्षाचा जमाखर्च सभेत मांडला जातो का ते पाहावं. पदाधिकाऱ्यांत बाहेरचे लोक एक तृतीयांश किंवा पाच, यांतली जी संख्या कमी असेल तेवढेच ठेवता येतात. सगळा कारभार एकाच बाहेरच्या नेत्याच्या फोनवर चालत असेल तर लांबूनच नमस्कार.

युनियनमध्ये गेल्याने बढती अडते का? ऑपरेटरच्या श्रेणीत बढती करारानेच होते. सुपरवायझर होऊन १८,००० च्या वर गेला की तो बहुधा कामगाराच्या व्याख्येतून बाहेर पडतो, तेव्हा हा करारही मागे राहील.

बॅचचा आकडा निम्म्याच्या वर असेल आणि करार चालू असेल तर पहिली ऑफर घ्या. ट्रेनिंगची मुदत आणि पर्मनंट करण्याच्या अटी नेमणूकपत्रात लेखी मागा. त्या लिहून द्यायला कंपनीने टाळाटाळ केली तर दोन्ही ऑफर जवळपास सारख्याच, मग १९,५०० घ्यायला हरकत नाही.