‘असं ते म्हणाले’ कुठे गेलं?

प्रश्न : नेत्यांची जुनी विधानं मथळ्यात एक वाचतो आणि मूळ भाषणात भलतंच निघतं. ही कापाकापी नेमकी कुठे होते?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : बरेचदा शेपटाला. आपण दुसऱ्याचं बोलणं आधी जसंच्या तसं सांगतो आणि ‘असं ते म्हणाले’ मागून जोडतो. ते मागचं उडवलं की वाक्य बोलणाऱ्याच्याच नावावर जमा होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये गुजरातमधल्या पाटणच्या सभेत राहुल गांधींनी बटाट्याचं सोनं करणाऱ्या यंत्राचं सांगितलं, ते मोदींची आश्वासनं म्हणून, खिल्ली उडवत. पाठोपाठ ते म्हणाले, ‘ये मेरे शब्द नहीं हैं, नरेंद्र मोदीजी के शब्द हैं.’ व्हायरल क्लिपमध्ये मोदींचं नाव आधीही नव्हतं, नंतरही नव्हतं. मोदी खरंच तसं बोलले होते का, हा वेगळा वाद. पण यंत्राचं आश्वासन राहुल यांनी स्वतः दिलं नव्हतं.

दुसरी जागा ‘जर’ची. ७ नोव्हेंबर २०१३ ला छत्तीसगडमधल्या कांकेरला मोदी म्हणाले की विदेशी बँकांतला चोरांचा पैसा परत आणला, तर एकेका गरिबाला १५-२० लाख ‘यूं ही’ मिळतील, इतका तो पैसा आहे. म्हणजे काळा पैसा किती, याचा तो हिशेब होता. मथळ्यांत उरलं ‘प्रत्येकाच्या खात्यात १५ लाख’. अर्थात, सभेतल्या श्रोत्यांनी तसंच समजावं अशीच ती मांडणी होती, असं कुणी म्हटलं तर तेही खोडून काढता येत नाही. २०१५ मध्ये अमित शाह यांनी त्याला ‘जुमला’ म्हटलं आणि वाद आणखी पेटला.

सर्वांत अवघड जागा सर्वनामाची, कारण तिथे काही कापावंही लागत नाही. ९ डिसेंबर २००६ ला राष्ट्रीय विकास परिषदेत मनमोहन सिंग इंग्रजीत बोलले. आधी प्राधान्यक्रमांची लांब यादी आली : शेती, पाणी, आरोग्य, शिक्षण, ग्रामीण पायाभूत सुविधा, शिवाय अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, महिला आणि मुलं यांच्यासाठीचे कार्यक्रम. मग अनुसूचित जाती-जमातींच्या योजनांवर एक वाक्य. मग अल्पसंख्याकांना, विशेषतः मुस्लिमांना, विकासात न्याय्य वाटा मिळावा, असं एक वाक्य. आणि लगेच : साधनसंपत्तीवर ‘यांचा’ पहिला हक्क असायला हवा. ‘यांचा’ म्हणजे कोणाचा? दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान कार्यालयाने खुलासा केला की वरच्या सगळ्या प्राधान्यक्रमांचा. पण लगतचं वाक्य अल्पसंख्याकांचं असल्यामुळे दुसरा अर्थ काढायला वाव राहिला, आणि हे वाक्य एप्रिल २०२४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाड्याच्या मोदींच्या प्रचारसभेपर्यंत येऊन पोहोचलं. अशा वेळी बातमीत परिच्छेद अख्खा द्यावा आणि खुलासाही द्यावा. एका ओळीच्या मथळ्यात हे मावत नसेल, तर विधान अवतरणचिन्हांत घालूच नये. मथळा बहुधा बातमीदार देत नाही, डेस्कवरचा उपसंपादक देतो, तोही कॉलमची रुंदी पाहून. म्हणून बातमी नीट आणि मथळा वाकडा, असं इतक्या वेळा दिसतं.

प्रश्न : मग घरबसल्या तपासायचं कसं?

उत्तर : आधी तारीख आणि गाव शोधा. बातमीत दोन्ही नसतील तर तिथेच थांबून शंका घ्या. नंतर पूर्ण भाषण. ते नेत्याच्या किंवा पक्षाच्या यूट्यूब चॅनेलवर बहुतेक वेळा असतं. सरकारी भाषणं पीआयबीवर (केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावर), सभागृहातली कामकाजाच्या नोंदींत. इथे हमखास होणारी चूक अशी : भाषण हिंदीत झालेलं असतं आणि आपण मराठी मथळ्यातले शब्द टाकून शोधतो. भाषणाच्या भाषेतलेच दोन-तीन वेगळे शब्द टाका, सोबत गाव आणि वर्ष. यूट्यूबवर ट्रान्सक्रिप्ट उघडून नेमकी जागा गाठता येते, मात्र त्या आपोआप उमटलेल्या मजकुरावर विसंबू नका. ‘न’ आणि ‘ना’ त्यात सहज गळतात. जागा सापडली की दोन मिनिटं आधीपासून ऐका आणि पुढचं एक मिनिट ऐका. हे उत्तर कोणत्या प्रश्नाला आहे, शब्द कोणाचे आहेत आणि अट आहे का, एवढंच पाहायचं. छोट्या क्लिपमध्ये हात एकदम दुसरीकडे दिसला किंवा गर्दीचा आवाज मध्येच तुटला, तर तिथे कात्री लागली असं समजा.

प्रश्न : ‘माझ्या बोलण्याचा विपर्यास केला’ हे तर आता प्रत्येक नेता म्हणतो.

उत्तर : म्हणतो, आणि संदर्भ दर वेळी वाचवत नाही. एप्रिल २०१३ मध्ये, ऐन दुष्काळात, अजित पवार इंदापूर तालुक्यातल्या सभेत धरणात पाणीच नसेल तर त्यात लघवी करायची का, अशा अर्थाचं जे बोलले, त्याच्या मागचं-पुढचं लावलं तर कळतं की पाण्यासाठी आझाद मैदानावर उपोषणाला बसलेल्या शेतकऱ्याला उद्देशून ते होतं. म्हणजे संदर्भाने ते वाक्य सौम्य होत नाही, आणखी झोंबतं. पवारांनी माफी मागितली आणि कराडला प्रीतिसंगमावर आत्मक्लेश केला.

प्रश्न : मथळा उघडच दिशाभूल करणारा असेल तर तक्रार कुठे?

उत्तर : आधी संपादकांना लेखी कळवा. दाद लागली नाही तर छापील वृत्तपत्राविरुद्ध भारतीय प्रेस परिषदेकडे जाता येतं. दैनिक आणि साप्ताहिकासाठी मुदत प्रसिद्धीपासून दोन महिने, मासिकासारख्या नियतकालिकासाठी चार. सोबत कात्रण, संपादकांशी झालेला पत्रव्यवहार, मराठी मजकुराचं इंग्रजी भाषांतर आणि प्रकरण न्यायालयात चालू नसल्याचं लेखी निवेदन जोडा. परिषद समज किंवा ताशेरे देऊ शकते, दंड करू शकत नाही.