आजीच्या जुन्या कपाटाला रंग द्यावा की पॉलिश करावं?

बेळगावातल्या शहापूरच्या घरातलं आजीचं कपाट, त्यावर ऑइल पेंटचे थर, आणि आता त्याला पांढरा रंग द्यायचा तुमचा विचार आहे. माझं ऐकाल तर आत लाकूड कुठलं आहे ते बघितल्याशिवाय ब्रश हातात घेऊ नका.

खानापूर-दांडेलीचं जंगल जवळ, त्यामुळे बेळगावच्या जुन्या घरांत सागवान बऱ्यापैकी सापडतं. कपाटाच्या पाठीमागे बोटभर जागा खरवडा. सोनेरी-तपकिरी रंग, गडद रेषा, हाताला किंचित तेलकटपणा आणि घासताना चामड्यासारखा वास आला, तर सागवानच समजा. ते परत रंगाखाली गाडू नका हो, जीव तुटतो! साधं जंगली लाकूड निघालं, तर खुशाल लांबी (भेगा-खड्डे बुजवायची पुट्टी) भरा, प्रायमर मारा आणि रंगवा.

जुना रंग काढताना मात्र जपा. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासून धूळ उडवू नका, मशीन तर नकोच. उघड्यावर, हातमोजे घालून पेंट रिमूव्हर लावा, रंग फुगला की पत्रीने (स्क्रेपरने) अलगद ओढून काढा. पोरांना तिकडे फिरकू देऊ नका. कॉस्टिक सोडा स्वस्त पडतो, पण त्याने सागवान काळवंडतं.

मग 100, 150, 220 नंबरचा पॉलिश पेपर, नेहमी रेषांच्या दिशेनेच. आडवं घासलेलं तेव्हा कळत नाही. पॉलिशचा पहिला हात बसला की एकेक ओरखडा उठून दिसतो.

पॉलिशसाठी मला स्वतःला लाख-स्पिरिटच, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाखच, आवडतं. सुती फडक्यात कापूस गुंडाळून पातळ हात द्यायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा. सागवानाची खरी झळाळी त्यातच दिसते. फक्त पावसाळ्यात हे काम काढू नका. आपल्याकडची पावसाची दमट हवा तुम्हाला माहीतच आहे. स्पिरिट उडताना ओल धरली जाते आणि पॉलिशवर पांढुरकी झाक येते. दिवाळी उरकू द्या, मग सुरू करा.

याच पॉलिशवर गरम चहाचा कप ठेवला तर पांढरं वर्तुळ उमटतं. कपाटाला त्याची फिकीर नाही, पण सोबत टेबलही करणार असाल तर त्याला पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारून घ्या.