बॅटमॅनला हसू येतं का?

प्रश्न: माझा मुलगा अकरावीत आहे, कॉमिक्सचं प्रचंड वेड. त्याचं म्हणणं, बॅटमॅनने विनोद केला की तो बॅटमॅन राहतच नाही, लहानपणी डोळ्यांदेखत आईवडील गेले तो माणूस कशाला हसेल? मला पटत नाही पण नीट सांगताही येत नाही. तुम्हाला काय वाटतं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: मी तुमच्या बाजूने आहे, पण पोराचं सगळंच चुकलंय असंही नाही. मारामारी करता करता तोंडाची टकळी चालू ठेवणं हे स्पायडरमॅनचं काम, बॅटमॅनला ते शोभणार नाही. त्याचा विनोद चेहऱ्यावरची रेष न हलवता केलेला असतो आणि तो नंतर कुणी चिकटवलेला नाही, अगदी पहिल्या गोष्टीपासून आहे. मे 1939 चा डिटेक्टिव्ह कॉमिक्सचा 27 वा अंक बघा, बॉब केन आणि बिल फिंगरचा. पोलीस कमिशनर गॉर्डनच्या घरी ब्रूस वेन पाइप ओढत बसलाय, सगळ्यात रस नसल्यासारखा. गोष्ट संपताना गॉर्डन मनाशी म्हणतो, पोरगा चांगला आहे पण आयुष्य फारच कंटाळवाणं दिसतंय बिचाऱ्याचं, आणि लगेच त्या पोराच्या खोलीचं दार उघडून बॅटमॅन बाहेर येतो! म्हणजे ब्रूसच बॅटमॅन, आणि हा माणूस रोज अख्ख्या शहराची फिरकी घेतोय आणि कुणाला पत्ताच नाही. मला तर ती शेवटची दोन चित्रं आजही भारी वाटतात.

पुढे 1987 च्या जस्टिस लीग या सुपरहिरोंच्या टोळीच्या कॉमिकमध्ये गाय गार्डनर नावाचा तोंडाळ ग्रीन लँटर्न, म्हणजे अंगठीतून शक्ती मिळणारा हिरो, किती दिवस बॅटमॅनच्या मागे लागलेला असतो, शेवटी अंगठी काढून समोर उभा राहतो आणि बॅटमॅन एकाच ठोशात त्याला आडवा करतो. बघणारा एकजण हसून हसून बेजार, हा मात्र ढिम्म. आणि 1996 चं किंगडम कम हे कॉमिक, त्यात हा बोलत असताना सुपरमॅन गुपचूप निघून जातो, हा वळून बघतो तर कुणीच नाही. गॉर्डनला इतकी वर्षं असंच अर्ध्या वाक्यात सोडून जाणारा हाच ना! तेव्हा एवढंच म्हणतो, अच्छा, असं वाटतं होय.

मुलाचा दुःखाचा मुद्दा खरा आहे, पण त्याच्यासाठी 1988 चं किलिंग जोक हे कॉमिक त्याला वाचायला द्या, जरा मोठं झाल्यावर दिलंत तर बरं कारण त्यात क्रूर प्रसंग आहेत. शेवटी पावसात बॅटमॅन त्याच्या कट्टर शत्रूला, जोकरला म्हणतो, मी तुला मदत करतो, अजून वेळ गेलेली नाही. जोकर नाही म्हणतो आणि वेड्यांच्या इस्पितळातून पळणाऱ्या दोघांचा विनोद सांगतो, एकजण छपरावरून पलीकडे उडी मारून जातो आणि घाबरलेल्या दुसऱ्याला म्हणतो मी मधल्या फटीवर टॉर्च मारतो तू उजेडावरून चालत ये, दुसरा म्हणतो मी काय वेडा आहे, अर्ध्यात आलो की तू टॉर्च बंद करशील. आणि बॅटमॅनला हसू फुटतं. तो विनोद त्या दोघांचाच आहे, नुकतीच एकाने मदत देऊ केलीय आणि दुसऱ्याने नाकारलीय, हे कळलं की ते हसणं रडण्यापेक्षा जास्त लागतं. ज्या लेखकांनी त्याचं हे अंग काढून टाकलं त्यांच्या हातात नुसता चिडका, लोकांना बडवत सुटलेला माणूस उरला, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: मग अ‍ॅडम वेस्टची 1966 ची टीव्ही मालिका म्हणजे बॅटमॅनची टिंगलच ना?

उत्तर: अजिबात नाही. बॅटमॅन झालेला वेस्ट एकदाही हसवायला जात नाही, म्हणून तर हसू येतं. त्याच वर्षीचा सिनेमा बघा, पेटलेला बॉम्ब डोक्यावर धरून तो धक्क्यावर सैरावैरा पळतोय, जिथे जावं तिथे कुणीतरी आहेच, नन्स आहेत, बाळाची गाडी घेऊन बाई आहे, शेवटी मोकळं पाणी दिसतं तर त्यात बदकाची पिल्लं. तो तिथेही बॉम्ब टाकत नाही.